फी भरण्याआधी नोंदणीचं विचारा

नीटचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या घराघरांत तोच पेच उभा राहतो. एमबीबीएसला नंबर लागत नाही, हे दिसत असतं. पुन्हा एक वर्ष रिपीट करायचं तर क्लासची फी, होस्टेल आणि वर्षभराचा ताण. कापसाचे पैसे तर हातात येण्याआधीच वाटले गेलेले असतात. नेमके याच दिवसांत एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि कॉलेजच्या गेटसमोर फलक लागतात : 'सहा महिन्यांत हॉस्पिटलमध्ये नोकरी, शंभर टक्के हमी.' त्या फलकासमोर थबकलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहीत आहे.

डॉक्टर न होता, दोन-तीन वर्षांच्या शिक्षणावर दवाखान्यात मानाची आणि बऱ्या पगाराची नोकरी मिळते, हे खरं आहे. सिस्टर, लॅब टेक्निशियन, डायलिसिस टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, फार्मासिस्ट यांच्याशिवाय कुठलंच रुग्णालय एक दिवसही चालत नाही. पण या क्षेत्रात पगार कोर्सच्या नावावर ठरत नाही, लांबीवरही नाही. तुमचं नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत आहे आणि शिकताना तुम्ही किती तास खऱ्या रुग्णांजवळ उभे होतात, या दोन गोष्टींवर तो ठरतो. ज्या कोर्सला या दोन्ही गोष्टी नाहीत, तो कितीही स्वस्त आणि छोटा असला तरी महागच पडतो.

आधी पैशाचं

सरकारी नोकरीचे आकडे उघड असतात, म्हणून तिथून सुरुवात करू. सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रात आरोग्य सेविकेची वेतनश्रेणी २५,५०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते, औषध निर्माण अधिकाऱ्याची २९,२०० पासून आणि अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, ३५,४०० पासून. यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वेगळे. रेल्वेत आणि एम्ससारख्या केंद्रीय रुग्णालयांत नर्सिंगची सुरुवात ४४,९०० च्या मूळ वेतनावर होते. भुसावळसारखं रेल्वेचं गाव जिल्ह्यात असूनही आपल्याकडची मुलं रेल्वेभरती म्हटलं की तिकीट तपासनीस आणि गँगमनपलीकडे पाहत नाहीत. रेल्वे भरती मंडळानं २०२४ मध्ये फक्त पॅरामेडिकल पदांसाठी १,३७६ जागांची वेगळी जाहिरात काढली होती. त्यात नर्सिंग, फार्मासिस्ट, रेडिओग्राफर, लॅब, अगदी डायलिसिस टेक्निशियनसुद्धा होते.

खासगीचं चित्र वेगळं आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जळगाव, धुळे, चाळीसगाव, शिरपूर इथल्या छोट्या-मध्यम दवाखान्यांत नवख्या टेक्निशियनला पहिली एक-दोन वर्षं अनेकदा दहा-पंधरा हजारांवरच काम करावं लागतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पदं कंत्राटी असतात आणि त्यांचं मानधन साधारण सतरा ते वीस हजारांच्या घरात असतं. म्हणजे 'चांगला पगार' पहिल्या दिवशी मिळत नाही. तो मिळतो दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर, आयसीयू, कॅथलॅब, डायलिसिस अशा खास विभागात हात बसल्यावर, किंवा सरकारी परीक्षेतून. पुणे, नाशिक, मुंबई किंवा सुरत गाठली तर पगार वाढतो, पण खोलीभाडंही वाढतं. फलकावर लिहिलेला आकडा खरा मानू नका. त्याच संस्थेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलाला गाठा आणि महिन्याला खात्यात किती जमा होतात, ते विचारा.

नर्सिंग : तीन वर्षं देता येत असतील तर

परवडत असेल तर एएनएमऐवजी जीएनएम करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एएनएम दोन वर्षांचं, कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर आणि फक्त मुलींसाठी. जीएनएम तीन वर्षांचं. तेही कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतं, मात्र इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के गुण हवेत. मुलांनाही करता येतं. दोघांत फरक एका वर्षाचा दिसतो, पण पुढे वाटा फार वेगळ्या होतात. एएनएमला मुख्यतः उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम. जीएनएम झालेल्यांना मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स होता येतं. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून शिकवण्याकडे किंवा प्रशासनाकडे वळता येतं. पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम केलं की एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेलाही बसता येतं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे. जिला चार वर्षं शक्य आहेत, तिनं तेच करावं.

तरी एएनएमला कमी लेखू नका. सपाट भागात पाच हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांच्या सातपुड्याच्या पट्ट्यात आणि डोंगराळ भागात त्या उपकेंद्राची सिस्टर म्हणजेच लोकांसाठी सरकारी दवाखाना. बाळंतपण, लसीकरण, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, उन्हाळ्यात उष्माघात, पावसाळ्यात सर्पदंश, हे सगळं आधी तिच्याच दारात येतं. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावोगाव तपासणीचं कामही वाढलं आहे. ज्या मुलीला पावरी किंवा भिलोरी बोलता येते, अहिराणी तर घरचीच आहे, तिला या कामात शहरातून आलेल्या कुणाहीपेक्षा जास्त जमतं. जिल्हा परिषदेच्या पेसा क्षेत्रातल्या पदांवर स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना जो हक्क आहे, त्यात आरोग्य सेविकेचं पदही येतं. तोरणमाळच्या किंवा लासूरच्या वाटेवर राहणाऱ्या मुलीनं हे लक्षात ठेवूनच कोर्स निवडावा.

घरच्यांची एक काळजी नेहमी असते, रात्रपाळीची. ती काळजी रास्त आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा वर्गखोल्या नंतर बघा, आधी होस्टेल ते वॉर्ड हा रस्ता बघा. मुली रात्रपाळीला कशा जातात, सोबत कोण असतं, हे शिकणाऱ्या मुलींनाच विचारा. आणि मुलीला शिकवायचं ठरवलं असेल तर लग्नानंतर ती रात्रपाळी करेल का, हा प्रश्न सोयरिकीच्या वेळीच मोकळेपणानं बोला. तीन वर्षं शिकून पहिल्याच वर्षी नोकरी सोडावी लागलेल्या मुली खान्देशात कमी नाहीत. त्यात नुकसान फक्त त्यांचं नाही, रुग्णांचंही होतं.

जून २०२० मध्ये जळगावच्या सिव्हिलमध्ये करोनाची एक वृद्ध रुग्ण वॉर्डातून बेपत्ता झाली आणि काही दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडली. ती बातमी देशभर गेली. रुग्णाच्या उशाशी उभं राहणारी, दर तासाला चक्कर मारणारी माणसं पुरेशी नसली की काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं फार कडू अनुभवातून पाहिलं आहे. नर्सिंगकडे 'काही जमलं नाही म्हणून' बघणाऱ्या पालकांनी हे आठवावं.

लॅबमध्ये शिरण्याचा योग्य दरवाजा

डीएमएलटीबद्दल, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेबद्दल, सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

बारावीनंतर लगेच डीएमएलटी करता येतं, आणि खासगी लॅबमध्ये त्यावर कामही मिळतं. पण जिल्हा परिषदेच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदाची जाहिरात नीट वाचली तर तिथे विज्ञान शाखेची पदवी मागितलेली असते. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असा मुख्य विषय हवा, आणि डीएमएलटी असेल तर प्राधान्य. रेल्वेच्या लॅब सुपरिटेंडेंट पदालाही बीएस्सीच्या जोडीला डीएमएलटी किंवा मग थेट लॅब टेक्नॉलॉजीची पदवी लागते. म्हणजे बारावी अधिक डीएमएलटी झालेला मुलगा वर्षानुवर्षं काम करूनही या पदांच्या अर्जालाच पात्र ठरत नाही.

उलट, आपल्याकडे जळगावच्या मू. जे. महाविद्यालयातून, अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातून आणि तालुक्या-तालुक्यांतून दर वर्षी बीएस्सी होऊन शेकडो मुलं बाहेर पडतात आणि पुढे काय करायचं म्हणून पोलीस भरतीच्या मैदानावर धावत बसतात. या मुलांसाठी पदवीनंतरचा एक वर्षाचा डीएमएलटी हा कमी वेळात सर्वांत जास्त दारं उघडणारा अभ्यासक्रम आहे. तुमची सूक्ष्मजीवशास्त्राची किंवा रसायनशास्त्राची पदवी वाया गेलेली नाही. तिला फक्त एक वर्ष जोडायचं आहे.

दुसरा गैरसमज स्वतःच्या लॅबचा. 'डीएमएलटी कर, गावात लॅब टाक,' असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. टेक्निशियननं तपासणी करायची, पण त्याला स्वतःच्या सहीनं अहवाल देता येत नाही. दुसऱ्याच्या सहीचे कोरे लेटरहेड वापरून लॅब चालवणं तर सरळ गुन्ह्याच्या वाटेवर नेतं. त्यामुळे लॅबच्या धंद्याचा हिशेब करताना पॅथॉलॉजिस्टचा खर्च पहिल्या ओळीत धरा. नमुने गोळा करून मोठ्या लॅबला पाठवणारं संकलन केंद्र हा एक रीतसर मार्ग आहे. त्यात हाताची सफाई लागते. म्हाताऱ्या माणसाची बारीक शीर सापडणं, रक्त फुटू न देता ट्यूबमध्ये घेणं, नमुना वेळेत आणि थंड ठेवून पोहोचवणं. जळगावच्या मे महिन्यात हे शेवटचं काम वाटतं तितकं सोपं नाही.

मशीनपाशी उभं राहणारी माणसं

डायलिसिस टेक्निशियनचं काम फार कमी मुलांना माहीत असतं, आणि मला ते या सगळ्यांत जास्त भरवशाचं वाटतं. किडनी निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास मशीनवर राहावं लागतं, आणि किडनी बदलेपर्यंत किंवा आयुष्यभर ते चालू राहतं. २०१६ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केल्यापासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सोय मिळू लागली. मधुमेह आणि रक्तदाब वाढत चालले आहेत, त्यामुळे हे काम कमी होण्याची शक्यता नाही. एका सत्रात सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी मशीनमधून जातं. ते पाणी बिघडलं तर रुग्णाच्या जिवावर बेततं, म्हणून आरओ प्लांटची तपासणी हा या कामाचाच भाग आहे. हातातल्या फिस्टुलात सुई घालणं, मध्येच रक्तदाब पडला तर ओळखणं, घाबरलेल्या माणसाला चार तास धीर देणं. एकच रुग्ण तुमच्यासमोर वर्षानुवर्षं येत राहतो आणि तुम्ही रजेवर असलात तर तुमच्याबद्दल विचारतो. ज्याला माणसांची ओढ आहे आणि यंत्राची भीती नाही, त्यानं इकडे यावं.

ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचंही तसंच. धुळं हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौफुलीवर आहे. अपघाताचे रुग्ण रात्री-बेरात्री येतात, आणि थिएटर तयार ठेवणारा, भूलतज्ज्ञाला हात देणारा, उपकरणं निर्जंतुक करणारा माणूस तेव्हा तिथेच लागतो.

एक्स-रे, सीटी, एमआरआयकडे जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, एक्स-रे मशीनवर काम करणाऱ्या व्यक्तीचं शिक्षण आणि सुरक्षा यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. तिथे काम करणाऱ्याला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज मिळालाच पाहिजे. तो छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो आणि ठरावीक काळानं तपासणीला जातो. नोकरी देणारा बॅज देत नसेल तर ती नोकरी घेऊ नका, मग पगार कितीही असो. दुसरी गोष्ट सोनोग्राफीची. 'सोनोग्राफी टेक्निशियन' नावाचा कोर्स कुणी विकत असेल तर उठून बाहेर या. परदेशात असं पद असतं, पण आपल्याकडे गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी फक्त पात्र, नोंदणीकृत डॉक्टरच करू शकतात. मुलींचं प्रमाण चिंताजनक पातळीवर घसरलेल्या जिल्ह्यांच्या यादीत २०११ च्या जनगणनेत जळगावचं नाव होतं. इथे या कायद्याशी खेळ करणाऱ्याची गय होत नाही, होऊही नये.

या सगळ्या विषयांत पदवी हवी असेल तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही तीन वर्षांची पदवी आहे, पुढे इंटर्नशिप. ती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून चालते. आपल्या कोणत्या महाविद्यालयात कोणता विषय यंदा सुरू आहे, हे जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याला चक्करबर्डीच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयात जाऊन विद्यार्थी विभागात विचारा. एका खेपेचा एसटीचा खर्च दलालाच्या कमिशनपेक्षा नक्कीच कमी आहे.

औषधनिर्माणशास्त्र : एका सवयीबद्दल

बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं डी. फार्म. शिरपूर तर फार्मसी शिक्षणासाठी राज्यात ओळखलं जातं. पुढे बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यामुळे वाट बंद होत नाही. मात्र कॉलेजं फार वाढली आहेत आणि फक्त काउंटरवर उभं राहण्याच्या नोकरीचा पगार त्या मानानं वाढलेला नाही. फार्मसी कौन्सिलनं २०२२ मध्ये डी. फार्मनंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियम आणले. म्हणजे कॉलेज पास होणं पुरेसं राहिलं नाही, नोंदणीआधी ही परीक्षाही डोळ्यासमोर ठेवून अभ्यास करावा लागतो.

आपल्याकडे एक सवय आहे : डी. फार्म करायचं, आपलं सर्टिफिकेट कुणाच्या तरी मेडिकलला भाड्यानं लावून द्यायचं आणि स्वतः दुसरा धंदा करायचा. वडीलधारी माणसंसुद्धा याला 'बसल्या जागी उत्पन्न' म्हणतात. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात हजर हवा. तुमच्या नावावर चालणाऱ्या दुकानातून चुकीचं औषध गेलं तर नोंदणी तुमची जाते, आणि एखाद्याचा जीवही जाऊ शकतो. हे उत्पन्न घेऊ नका.

दहावीवरच थांबलेल्यांसाठी

बारावी झाली नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. आयटीआयमध्ये हेल्थ सॅनिटरी इन्स्पेक्टरचा एक वर्षाचा कोर्स दहावीवर होतो. नगरपालिका, कारखाने, मोठी रुग्णालयं यांना स्वच्छता आणि जैववैद्यकीय कचऱ्याची देखरेख करणारी माणसं लागतात. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत आरोग्य सेवक पुरुष या पदासाठी विज्ञान विषयासह दहावी ही शैक्षणिक अट होती. बारा महिन्यांचं बहुउद्देशीय प्रशिक्षण आधी झालेलं नसेल तर निवडीनंतर पूर्ण करण्याची मुभा होती. शिवाय निम्म्या जागा हंगामी फवारणीचं काम केलेल्यांसाठी होत्या. गावात मलेरियाची फवारणी करणाऱ्या मुलांनी आपल्या कामाच्या दिवसांचा दाखला आरोग्य केंद्रातून वेळच्या वेळी घेऊन ठेवावा. नंतर तो मिळवताना फार फिरावं लागतं.

याच भरतीची परीक्षा शंभर प्रश्नांची आणि दोनशे गुणांची होती, आणि त्यातले साठ प्रश्न मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणीचे होते. आपली मुलं विषयाचं ज्ञान असूनही तिथे मागे पडतात. कोर्स चालू असतानाच रोज तासभर या साठ प्रश्नांना द्या, आणि एमएस-सीआयटी करून टाका.

रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या जनरल ड्युटी असिस्टंटचे काही महिन्यांचे कोर्स कौशल्य विकास योजनेतून मोफत होतात. घरी राहून वृद्धांची काळजी घेण्याचं काम पुण्या-मुंबईत भरपूर आहे. पण याला नर्सिंग म्हणू नका आणि कुणाला म्हणूही देऊ नका. ज्या फलकावर सहा महिन्यांच्या कोर्सला 'नर्सिंग' लिहिलेलं असतं, तो बहुतेक वेळा हाच कोर्स असतो, नाव बदलून आणि फी वाढवून. नर्स म्हणून नोंदणी यातून कधीच होत नाही.

परदेशाचं आकर्षण

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात आरोग्यसेवेतली कामंही आहेत. नर्स म्हणून जायचं तर जर्मन भाषा बी-वन, बी-टू पातळीपर्यंत यावी लागते, आणि रोज अभ्यास केला तरी त्याला वर्षभर किंवा जास्त वेळ लागतो. जपानला शुश्रूषेच्या कामासाठी जपानी भाषेची एन-फोर पातळी आणि कौशल्य परीक्षा लागते. भाषा न शिकता पाठवतो असं म्हणणारा माणूस फसवतो आहे, हे पक्कं समजा. परदेशी भरती करणारा एजंट केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला हवा. नियमानुसार त्याला उमेदवाराकडून तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कुणी चार-पाच लाख मागत असेल तर शेत विकायला काढण्याआधी ही मर्यादा त्याच्यासमोर मांडा.

जवळच सुरत आहे. तिथे खान्देशी माणूस जागोजाग भेटतो आणि रुग्णालयंही मोठी आहेत. राज्य बदलताना नर्सनं आपली नोंदणी गुजरातच्या परिषदेकडे रीतसर नेली पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीतला आपला क्रमांक काढलेला असला की हे सोपं जातं.

प्रवेश घेण्यापूर्वी

संस्थेत गेलात की फीच्या आधी एकच विचारा : 'या कोर्सनंतर आमची नोंदणी कोणत्या परिषदेत होते?' नर्सिंग असेल तर उत्तर महाराष्ट्र परिचर्या परिषद असायला हवं आणि संस्थेचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत हवं. फार्मसीला महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल. लॅब, एक्स-रे, डायलिसिस वगैरेंना महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिल. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार आता या व्यवसायांच्या पदविकेला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण अपेक्षित आहे. सहा महिन्यांत ते कसं बसवणार, हे संस्थाचालकांना विचारा; पदवीनंतरच्या एक वर्षाच्या डीएमएलटीची नोंदणी होते का, हेही आधी विचारा. 'आमचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं', 'आयएसओ आहे', 'दिल्लीची मान्यता आहे' ही उत्तरं म्हणजे नकारच समजावा. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि यंदाच्या वर्षाचं पाहा.

दुसरा प्रश्न : प्रॅक्टिकल कुठे? रुग्णालयाचं नाव, खाटा किती, रोज किती तास. मग त्या रुग्णालयात एकदा दुपारी डोकावून या. वॉर्ड रिकामे असतील आणि मशीनवर चादर टाकलेली असेल तर शिकणार कशावर?

प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून घेतला तरच बहुतेक शिष्यवृत्त्या लागू होतात. मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली की महाडीबीटीवरचा हक्क सहसा जातो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. आपल्या अभ्यासक्रमाला ते लागू आहे का, हे प्रवेश निश्चित करण्याआधी विचारून घ्या. मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवावी लागलीच, तर तारखेसह सही-शिक्क्याची पोच घ्या.

रुग्णालयात पहिलं पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस-बीची लस सुरू करा. तीन डोस असतात : पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. सुई टोचली तर ती जागा साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. नवी मुलं रागावतील म्हणून हे लपवतात. लपवू नका.

आणि कागदपत्रं आत्ताच काढा. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर हे दाखले निकालानंतर काढायला गेलात तर सेतूवर रांग असते आणि सर्व्हर बंद असतो. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यात आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी गावच्या जुन्या शाळेत दोन-तीन खेपा होतातच. अकरावीत असलेल्या मुलामुलींनी वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत याच वर्षी टाकावा. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं आहे का, हे त्याच बैठकीत तपासून घ्यावं.